दोनशेवी नोंद

किस्से साठवावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. घरात रिकाम्या बाटल्या साठतात ना, तसे. कुणी कधी आणल्या आठवत नाही आणि टाकायला हात होत नाही. माझ्याकडे आमच्या जुन्या ऑफिसातले असे बरेच पडून आहेत. अडचण एवढीच, की किस्सा सांगायला समोर माणूस लागतं, आणि माझ्यासमोर हल्ली टीव्ही असतो. तो स्वतःच बोलत बसतो, माझं कुठं ऐकतो? आज तुम्ही सापडलाच आहात तर बसा. चहा मीच करतो. बरा करतो, घाबरू नका.

आधी ऑफिस सांगतो. सांगलीत एका कापडदुकानाच्या वर दोन खोल्या होत्या. सातारा आणि सांगली असे दोन जिल्हे आमच्याकडे. काम काय, तर जो कोणी स्वतः वीज तयार करतो त्याची वहीत नोंद ठेवायची आणि त्याच्याकडून सरकारचं शुल्क भरून घ्यायचं. लोकांना वाटतं वीज म्हणजे फक्त धरणावर तयार होते. तसं नसतं. नव्वदच्या दशकात दिवसाआड लाईट जायची, त्यामुळे ज्याला परवडेल त्यानं मागच्या दारी जनरेटर बसवलेलं. बर्फाचा कारखाना, टॉकीज, दवाखाना, कायद्याच्या दृष्टीनं सगळेच वीज निर्माते!

आता वीज निर्माता कोण, हे ठरवायचं कसं? त्यासाठी एक हिरव्या पुठ्ठ्याचं पुस्तक होतं. देशातल्या सगळ्या धंद्यांना त्यात नंबर दिलेले. साखरेला एक, सुताला एक, विटांना एक. विजेचा नंबर चारशे. एखाद्याला चारशेत घालायचं की त्याच्या मूळ धंद्यातच ठेवायचं, यावर त्याचं शुल्क, सवलत, परवाना सगळं ठरायचं. लोक पत्रिकेतल्या मंगळाला भीत नसतील एवढे आमच्या चारशेला भ्यायचे.

आम्ही चौघं होतो. तांबे साहेब, स्वभावानं गरीब आणि कायद्यानं कडक. जंगम, हेडक्लार्क, हिरवं पुस्तक तोंडपाठ आणि चेहरा कायम कुणीतरी अपमान केल्यासारखा. टायपिस्ट पवारबाई. आणि मी, घाटगे, फील्डवर फिरून नोंदी आणणारा.

सुमन, म्हणजे माझी बायको, जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. मुलगी लग्न होऊन नाशिकला. माझ्या खोलीवर स्टोव्ह होता, पण एकट्यासाठी तो पेटवायचा कंटाळा यायचा. दुपारी एक वाजता ऑफिसातली चार टेबलं जोडली जायची आणि डबे उघडायचे. माझा डबा नसायचाच. पवारबाई दोन भाकऱ्या जास्त आणायच्या आणि म्हणायच्या, आज चुकून जास्त झाल्या. तीन वर्षं रोज चुकून! ते अर्ध्या तासाचं जेवण म्हणजे माझा दिवस होता. उरलेला वेळ मी ते जेवण येण्याची वाट बघायचो. तेव्हा हे कुणाला बोललो नाही.

आणि एका दिवाळीनंतर मुंबईहून पत्र आलं. ज्या ऑफिसच्या वहीत मार्चअखेर चारशे नंबरच्या दोनशे नोंदी नसतील, ते ऑफिस बंद करून कोल्हापूरला जोडण्यात येईल आणि कर्मचाऱ्यांना जागा असेल तिथं पाठवण्यात येईल. जंगमांनी चष्मा पुसला आणि वही मोजली. एकशे एक्याऐंशी.

खरं सांगायचं तर बाकी तिघांचं फार काही बिघडणार नव्हतं. साहेब कुठंही गेले तरी बायकोमुलं बरोबर जाणार होती. जंगम कोल्हापूरला एसटीनं जाऊन-येऊन करू शकत होते. पवारबाईंचं तर माहेरच कोल्हापूर. मोडणार होतं ते माझं टेबल. तरी तिघंही माझ्यासारखेच पेटून उठले. का, ते मी विचारलं नाही.

*

पहिली नोंद मिळाली माधवनगरला. तिथली एक कापडगिरणी बंद पडून बरीच वर्षं झाली होती. आत माग गंजलेले, आवारात गवत, आणि गेटवर म्हातारा वॉचमन. जंगमांना कुणीतरी सांगितलं होतं की तिथं दर शनिवारी जनरेटर चालतं. बंद गिरणीत? आम्ही शनिवारीच गेलो.

बरोबर अकराला वॉचमन आत गेला, त्यानं जनरेटर सुरू केलं, आणि गिरणीचा भोंगा वाजला. दहा मिनिटं मशीन चाललं. मग त्यानं ते बंद केलं, फडक्यानं पुसलं आणि वहीत वेळ लिहिली. साहेबांनी विचारलं, हे कुणी सांगितलंय करायला? तो म्हणाला, मालकांनी जाताना सांगितलं होतं की मशीन जाम होऊ देऊ नको. मालक त्यानंतर आलेच नाहीत. भोंगा कशाला, तर कामगारांना कळावं की गिरणी अजून आहे.

जंगमांनी पेन उघडलं. फॉर्म भरायचा म्हणजे पहिला प्रश्न ठरलेला, मुख्य धंदा काय? वॉचमननं इकडं तिकडं बघितलं. माग बंद, सूत नाही, माणूस नाही.

"भोंगा," तो म्हणाला.

जंगमांनी हिरवं पुस्तक दोनदा चाळलं. भोंग्याला नंबर नव्हता. मग जी वस्तू तिथं खरोखर तयार होत होती ती एकच, वीज. लिहिलं चारशे. निघताना वॉचमन गेटपर्यंत आला आणि पुढच्या शनिवारी येणार का म्हणून विचारायला लागला. आम्ही बघू म्हटलं. बघू म्हणजे नाही, हे त्यालाही माहीत होतं.

*

सांगलीतल्या एका मंगल कार्यालयाच्या मालकानं लेखी कळवलं होतं की आमच्याकडे जनरेटर नाही. साहेब म्हणाले, ठीक आहे, आपण लग्नालाच जाऊ.

आम्ही तिघं इस्त्रीचे शर्ट घालून गेलो. दारात गुलाबपाणी उडवलं, हातात अक्षता दिल्या, कुणी विचारलं नाही तुम्ही कुणाचे. आत गेल्यावर नवरीच्या मामांची नजर जंगमांवर पडली. त्यांचा तो चेहरा! मामांना वाटलं हेच वरपक्षाचे रुसलेले काका. झालं, जंगमांना पुढच्या खुर्चीवर बसवलं, पंखा त्यांच्याकडं वळवला, दोनदा सरबत आलं. जंगम काही बोलेनात, त्यामुळे मामा आणखी घाबरले.

तिसऱ्या मंगलाष्टकाला लाईट गेली. क्षणभर अंधार, आणि मागून धड धड धड. सगळे दिवे लागले. साहेबांनी हातातल्या अक्षता रीतसर वधूवरांवर टाकल्या आणि दुसऱ्या हातानं खिशातली डायरी काढली. कार्यालयाचा मालक घामाघूम होऊन हात जोडून आला. म्हणाला, साहेब, निदान वाजंत्री तरी वाजू द्या.

आम्ही वाजू दिली. पंगतीला मामा जिलबीचं ताट घेऊन जंगमांसमोर वाकले आणि अगदी काकुळतीनं म्हणाले, "काका, झालं गेलं सोडा. राग गेला ना?"

"जनरेटर किती केव्हीएचं आहे ते सांगा," जंगम म्हणाले, "मग जातो."

*

सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याकडच्या एका खडी क्रशरवाल्यानं मात्र आमची फार पायपीट करवली. त्याचं जनरेटर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसवलेलं. आमची जीप साताऱ्याहून निघाली की त्याला कुठून तरी कळायचं. तो ट्रॉली जोडायचा आणि नीरेच्या पुलावरून पलीकडं, पुणे जिल्ह्यात. पुण्याचे लोक आले की परत अलीकडं. आम्ही तीन वेळा गेलो आणि तीन वेळा रिकामी जागा आणि सांडलेलं डिझेल बघून आलो.

शेवटी साहेबांनी पुण्याच्या साहेबांना फोन केला आणि दोन्ही बाजूंनी एकाच दिवशी जायचं ठरवलं. ट्रॉली पुलाच्या मधोमध सापडली. पुढं आमची जीप, मागं त्यांची. ड्रायव्हरनं ट्रॅक्टर बंद केला, खाली उतरला आणि बिडी पेटवली.

आम्हाला वाटलं पुण्याचे साहेब म्हणतील, घ्या तुमचं. पण त्यांनाही मुंबईचं पत्र आलं होतं! त्यांनाही नोंदी कमी पडत होत्या. मग पुलावर जे सुरू झालं ते सांगण्यासारखं नाही. हे म्हणायचे जनरेटर आमचं, ते म्हणायचे आमचं. दोन्हीकडं ट्रक थांबले, हॉर्न वाजायला लागले. ड्रायव्हर कठड्याला टेकून ऐकत होता.

"आशी मागनी माज्या थोरलीला आली आसती," तो मला म्हणाला, "तर कवाच उरकून टाकलं आसतं बगा."

निकाल जंगमांनी दिला. ट्रॅक्टरचं तोंड साताऱ्याकडं होतं. ते म्हणाले, वस्तू जिकडं निघाली तिकडची. हे कुठल्या नियमात आहे ते पुण्याच्या साहेबांनी विचारलं. जंगमांनी एवढ्या आत्मविश्वासानं एक कलम सांगितलं की पुण्याच्या साहेबांनी आपली जीप मागं वळवायला सांगितली. परत येताना मी ते कलम पुस्तकात शोधलं. ते विहिरीवरच्या मोटारींचं होतं.

*

मग आमचं नशीब उघडलं, वाऱ्यानं. पाटणच्या वर पठारावर त्या दिवसांत पवनचक्क्या नव्यानं उभ्या राहत होत्या. मालक बहुतेक मुंबईचे. पवनचक्की घेतली की पहिल्याच वर्षी इन्कम टॅक्समध्ये भरपूर घसारा, म्हणजे सूट मिळायची, म्हणून त्यांनी घेतलेल्या. काहींनी तर आपली पवनचक्की कधी बघितलीही नव्हती. आम्हाला काय, प्रत्येक पंखा म्हणजे स्वच्छ, निर्मळ चारशे! भांडण नाही, लपवाछपवी नाही. एका दिवसात अकरा नोंदी झाल्या.

वही भरत असताना खालच्या गावातला एक शेतकरी वर चढून आला. त्याची तक्रार अशी, की हे पंखे लागल्यापासून पाऊस येत नाही, पंख्यांच्या वाऱ्यानं ढग पळून जातात. आमचे साहेब गरीब स्वभावाचे. त्यांनी दगडावर बसून अर्धा तास त्याला समजावलं. पंखा वारा देत नाही, वारा पंख्याला फिरवतो, ढग कितीतरी वर असतात. जमिनीवर काडीनं चित्रं काढली. शेतकरी मान डोलवत सगळं ऐकत होता.

"समजलं सायब," तो म्हणाला. "मंग आता ह्ये उलटं फिरवा. गेल्याली ढगं माघारी येत्याल."

या किश्श्यावर आम्ही महिनाभर हसलो. पण मला त्या दिवसातलं दुसरंच आठवतं. त्या पठारावर एक ऑपरेटर होता, पन्नाशीचा. पत्र्याची खोली, एक कॉट, एक रॉकेलचा स्टोव्ह, आणि चोवीस तास तो आवाज. त्यानं आम्हाला सगळी मशीन दाखवली. सात नंबरचं दोनदा दाखवलं. जंगम घड्याळ बघायला लागले आणि मला म्हणाले, हे झालंय की आपलं. मी म्हटलं, असू दे, परत एकदा बघू. तिसऱ्यांदा दाखवताना तो त्या मशीनच्या खोड्या अशा सांगत होता की घरातलं कुणीतरी असावं. मला त्याचं हसू आलं नाही. खोलीवर गेलो की मीही स्टोव्हशी बोलायचो.

*

मार्च उजाडला तेव्हा वहीत एकशे अठ्ठ्याण्णव नोंदी होत्या. पुढं सरकेना. दोन्ही जिल्हे पालथे घालून झाले होते.

एका सकाळी जंगम स्वतःची सायकल खांद्यावर घेऊन जिना चढून आले. ऑफिसच्या मध्यभागी ती स्टँडवर लावली, वर बसले आणि पॅडल मारायला लागले. डायनामो फिरला, पुढचा दिवा लागला. चेहरा नेहमीसारखाच. म्हणाले, साहेब, ही निर्मिती आहे की नाही? साहेबांना नाही म्हणता येईना. त्यांनी एवढंच विचारलं, की मुख्य धंदा काय लिहायचा.

"व्यायाम," पवारबाई टाइपरायटरवरून मान वर न करता म्हणाल्या.

नोंद झाली नाही. पण त्या दुपारी जेवताना आम्ही इतके हसलो की खालचा कापडदुकानदार काय झालं म्हणून वर आला. मीही हसलो. हसता हसता माझ्या मनात आलं, अजून अठरा जेवणं. सुट्ट्या वगळल्या तर पंधराच. घास तसाच हातात राहिला. पवारबाईंनी ते बघितलं असावं, कारण त्यांनी आणखी एक भाकरी माझ्या ताटात सरकवली.

दोन दिवसांनी मिरजेच्या एका दवाखान्यानं स्वतःहून अर्ज केला. एकशे नव्व्याण्णव.

*

शेवटची खबर एसटीच्या ड्रायव्हरनं दिली. तो दहिवडीच्या गाडीवर असायचा. म्हणाला, माण तालुक्यात अमुक एका वस्तीवर दिवे दिसतात, आणि तिथं विजेचे खांबच पोचलेले नाहीत. खांब नाहीत आणि दिवे आहेत म्हणजे कुणीतरी वीज तयार करतंय. साहेब मीटिंगला कोल्हापुरात, जंगमांची आई दवाखान्यात. मी एकटाच निघालो. मार्चचे तीन दिवस उरले होते.

दहिवडीहून वडापच्या जीपनं निम्मा रस्ता, पुढं चालत. दुपारचे चार वाजले असतील. माळ सगळा पिवळा, कुठं मेंढरांचा कळप, आणि दहाबारा घरांची वस्ती. घरांत म्हातारे आणि बायका, बाप्ये सगळे मुंबईला. वस्तीच्या या टोकाला एक पिठाची गिरणी होती, तेलाच्या इंजिनवर चालणारी. गिरणीवाले काळेल आप्पा. साठीचे, ताठ, मिलिटरीत मेकॅनिक होते. बायको लवकर गेलेली, मूल नाही. त्यांनी इंजिनाच्या पट्ट्यावर एक जुना अल्टरनेटर बसवला होता. संध्याकाळी बायका दळण घेऊन आल्या की इंजिन सुरू व्हायचं, आणि पीठ पडताना वीजही पडायची.

मी ओळख सांगितली. आप्पांनी खाडकन सॅल्यूट ठोकला. "चेक करा साब. सब ओके हाय." मला मोठं वाईट वाटलं, कारण त्यांचं काहीच उपयोगाचं नव्हतं. एवढ्या लहान मशीनवर माणूस स्वतःसाठी दिवा लावत असेल तर त्याला माफी. शुल्क नाही, नोंदही नाही. मी पाणी प्यालो आणि परत निघणार होतो.

तेवढ्यात बायका दळण घेऊन आल्या आणि आप्पांनी इंजिन सुरू केलं. गिरणीत एक दिवा लागला. आणि मला दिसलं की एक तार बाहेर जातेय. बाभळीच्या बेचक्यांवरून, ओढ्यावरून, पलीकडच्या एकुलत्या घराकडं. त्या घराच्या वळचणीलाही एक दिवा भर उन्हात लागला होता.

मी आप्पांना विचारलं, ते घर कुणाचं? ते म्हणाले, हिराबाईचं. नवरा मुंबईला गेला तो बारा वर्षांत परत आला नाही, पत्र नाही, पैसा नाही. सासू होती तोवर दोघी होत्या. मग सासूही गेली. घर वस्तीपासून तुटलेलं, म्हणून दिवा दिला. मी म्हटलं, तार तुम्हीच जोडली? तर म्हणाले, अलीकडची बाजू मी बांधली, पलीकडची तिच्या सासूनं बांधून घेतली. मी वढ्याच्या पल्याड जात न्हाई.

दुसऱ्याच्या घराला तार दिली की मशीन केवढंही असो, तो पुरवठा. पुरवठा म्हणजे चारशे. दोनशेवी नोंद माझ्यासमोर बाभळीच्या बेचक्यांवर लोंबत होती! मला जोडलेली चार टेबलं दिसली. पेढे घेऊन जिना चढणारा मी दिसलो. नियमाचा दुसरा भागही मला पाठ होता. वहीत पुरवठादार म्हणून नाव चढलं की परवाना येईपर्यंत तार उतरवायची, आणि एवढ्याशा माणसाला परवाना आलेला मी उभ्या नोकरीत बघितला नव्हता. मी ते आप्पांना सांगितलं. लपवलं नाही. सांगतानाही पेनचं टोपण काढलेलंच होतं.

दळणाला आलेल्या पाचसहा बायका भिंतीला टेकून ऐकत होत्या. त्यांत हिराबाई होती, डोक्यावर डबा. चाळिशीची असेल.

फॉर्ममध्ये एक रकाना होता, वीज घेणाऱ्याशी नातं. घरचं माणूस असेल तर तो स्वतःचाच वापर, पुरवठा नाही. मी आप्पांना विचारलं, ही तुमची कोण?

आप्पांनी इंजिनाकडं बघितलं. मग भिंतीशी उभ्या बायकांकडं बघितलं. मला कळत होतं ते काय करतायत. खोटा एक शब्द बोलले तर दिवा राहणार होता आणि वस्तीत तिचं नाव खराब होणार होतं.

"कोण न्हाई साब," ते म्हणाले.

मी 'पुरवठा' लिहायला पेन टेकवलं. मला आनंद झाला होता, हेही सांगतो. लाज वाटावी असा आनंद.

हिराबाईनं डोक्यावरचा डबा खाली ठेवला.

"आवं," ती आप्पांना म्हणाली, "अकरा वर्सं माज्या घरात दिवा लावताय. आन् कोण न्हाई व्हय?"

एकही बाई हसली नाही. एकीनं पदर नीट केला. इंजिन चालूच होतं, पीठ पडत होतं, आणि आप्पांच्या हातातलं ऑइलचं फडकं खाली पडलं ते त्यांनी उचललं नाही.

माझं पेन अजून कागदावरच होतं. टेकवलेल्या जागी शाईचा ठिपका पसरला होता. मी त्याच्याच पुढं लिहिलं, स्वतःचा वापर. घर एक, दिवे दोन. नोंद आवश्यक नाही. खाली सही केली आणि वही एकशे नव्व्याण्णववरच मिटली.

हिराबाईनं डबा परत डोक्यावर घेतला. "चा ठिवते," ती म्हणाली. "सायबास्नी घिऊन या." आणि मागं न बघता ओढा उतरून गेली.

आप्पा बराच वेळ काठावर उभे राहिले. मी त्यांच्या मागं. माणमधला मार्च, ओढ्याला टिपूस पाणी नव्हतं. वाळू आणि दगड. तरी आप्पांनी पायांतल्या चपला काढल्या, हातात घेतल्या, धोतर गुडघ्यापर्यंत वर खोचलं, आणि एकेक पाऊल टाकत ओढा ओलांडला.